खणाचं घर भिंतींवर नाही, खांबांवर उभं असतं. पाडण्याआधी एवढं बघा

रांजणगाव गणपती : शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या जुन्या गावठाणांत माळवदाची घरं अजून तग धरून आहेत. एमआयडीसी आल्यापासून रांजणगाव परिसरात भाड्याच्या खोल्यांना मागणी वाढली. जुनं घर पाडायचं, लाकूड विकायचं आणि स्लॅब टाकायचा, हे नेहमीचंच झालं. ठेवायचं की पाडायचं, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न. पण घर कशावर उभं आहे हे माहीत असलं, तर निर्णय नीट होतो आणि जिवाचा धोकाही टळतो.

खण म्हणजे काय?

आपल्याकडं घराचं माप खणांत सांगतात. पाच खणी, सात खणी, नऊ खणी. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. खाली दगडी जोतं, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे घडीव दगड, त्यावर लाकडी खांब. खांबाच्या डोक्याला कूस काढून ती वरच्या लाकडातल्या भोकात बसवतात. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर किलच्या किंवा फळ्या, त्यावर पाला नाहीतर तुराट्या, मग चिखल आणि सगळ्यात वर पांढरीची माती. ऐपतदाराच्या वाड्याला सागवान, साध्या शेतकऱ्याच्या घराला निंब नाहीतर बाभूळ.

अशा घरात भिंत हा फक्त आडोसा. ओझं खांबांवर. म्हणून पावसात एखादी भिंत ढासळली तरी माळवद जागेवर राहू शकतं. मात्र काही घरांत बाहेरच्या बाजूला खांबच नसतात, तुळईचं टोक थेट भिंतीवर टेकलेलं असतं. तिथं भिंत गेली की छत गेलंच समजा.

आपल्याकडंच माळवद का?

भोर, मुळशीकडं पाऊस जोराचा, म्हणून तिकडं उतरतं छप्पर. आपला भाग पर्जन्यछायेतला, इथं सपाट मातीचं छत चालतं. उन्हाळ्यात घर गार राहतं, वर धान्य वाळवता येतं, रात्री झोपता येतं.

खांबाचं घर या मातीला नवं नाही. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून तिथं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकरी वस्ती सापडली. चौकोनी घरं, ठेंगण्या मातीच्या भिंती आणि जमिनीत लाकडी खांब रोवल्याचे खड्डे. पेशव्यांचा शनिवारवाडाही लाकडी सांगाड्याचाच. १७३२ साली बांधून झाला, १८२८ च्या आगीत लाकूडकाम जळालं, जोती आणि तटबंदी उरली.

किल्लारीनं काय शिकवलं?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला आणि हजारो माणसं गेली. तिथली घरं बरीचशी आपल्यासारखीच होती. जाड दगड-मातीच्या भिंती आणि डोक्यावर मातीचा थर. गळती थांबावी म्हणून जुन्या थरावर नवी माती टाकत गेल्यानं ओझं वाढलेलं. माणसं मुख्यतः दगड-मातीखाली दबली. पण जिथं खांब-तुळयांचे सांधे घट्ट होते, तिथं भिंती पडूनही लाकडी सांगाडा उभा राहिल्याचं दिसलं.

घर ठेवायचं असेल तर

- मृगाच्या आधी प्रत्येक खांबाचा बुंधा ठोकून बघा. आवाज बद्द आला तर आतून वाळवी किंवा कूज आहे.
- भिंतीत दडलेले खांब विसरू नका. तिथंच ओल धरते. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला तर आतली ओल बाहेर पडत नाही आणि लाकूड सडतं.
- माळवदावर नवी माती टाकताना जुनी आधी खरवडून काढा.
- वरून पत्रा टाकला असेल तर खालची माती उतरवता येते का ते जाणत्या सुताराला विचारा.
- जुनी वायर कड्यांवरून तशीच नेली असेल तर ती बदला. लाकडी घराला आगीची भीती सगळ्यात मोठी.
- तुळई वाकली, तडकली असेल तर त्या खणात झोपू नका.

पाडायचंच ठरलं तर

जेसीबी आधी भिंतीला लावू नका. तुळई भिंतीवर टेकलेली असेल तर अख्खं माळवद खाली येतं. घर बांधलं त्याच्या उलट्या क्रमानं उतरवा. आधी माती, मग किलच्या, कड्या, तुळया आणि शेवटी खांब. लाकडाचा सौदा पाडण्याआधी करू नका. सुताराकडून नग मोजून घ्या, सागवान किती आणि बाकी किती ते वेगळं लिहून ठेवा. अख्खं उतरवलेलं लाकूड पुन्हा कामाला येतं, मोडलेलं सरपणाच्या भावानं जातं.