खोटे पान, खरा डाव : घरी केलेल्या पत्त्यांचा पाचशे वर्षांचा इतिहास

१/
घरी कागदावर काढलेले पान खेळात चालवून घ्यावे काय? पोकेमॉन किंवा मॅजिक खेळणाऱ्या प्रत्येक कंपूत हा वाद एकदा तरी पेटतो. एकाच्या मते ते नकली असते, दुसऱ्याच्या मते खेळण्यापुरते पुरेसे असते. या वादाला मोठा इतिहास आहे. त्यात बाबर आहे, सावंतवाडीचे चितारी आहेत आणि इस्पिकच्या एक्क्यापायी फासावर गेलेला एक इंग्रजही आहे. आजचा धागा त्यावर.

२/
प्रथम खेळाची ओळख. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ बाजारात आला. येथे सर्वांसाठी एकच ठरलेला कॅट नसतो. प्रत्येक खेळाडू आपला कॅट स्वतः बांधतो. पाने बंद पाकिटांतून विकली जातात आणि आत काय निघेल हे आधी कळत नाही. काही पाने मुबलक, तर काही मुद्दाम दुर्मीळ ठेवलेली. दुर्मीळ पान खेळात प्रबळही असेल, तर त्याचा भाव चढतच जातो.

३/
यातून ‘प्रॉक्सी’चा जन्म झाला. प्रॉक्सी म्हणजे प्रतिनिधी. हव्या त्या पानाचे नाव आणि नियम कागदाच्या चिठ्ठीवर लिहायचे, ती एखाद्या साध्या पानापुढे ठेवायची आणि दोन्ही मिळून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवायची. पाठीमागून सारी पाने सारखीच दिसतात. समोरच्याला आधी सांगितले की डाव सुरू.

४/
दौंड तालुक्यातील भांडगावसारख्या गावातून पाहिले की या चिठ्ठीचे मोल कळते. पुणे–सोलापूर महामार्ग गावाजवळून जातो, पण अशा पत्त्यांची दुकाने पुण्यात, चाळीस-पन्नास किलोमीटरवर. एका चांगल्या पानाची किंमत कित्येकदा शाळकरी मुलाच्या महिन्याच्या खाऊच्या पैशांहून जास्त. तेथे ‘प्रॉक्सी चालेल का?’ याचा अर्थ ‘मला खेळात घेणार का?’ असाच होतो.

५/
आता इतिहासाचा प्रश्न. पान ‘खरे’ कशाने ठरते? ते कोणी तयार केले यावरून, त्याच्या किमतीवरून, की खेळणाऱ्यांच्या आपसांतील करारावरून? वेगवेगळ्या काळांनी याची वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. सुरुवात आपल्या घरच्या खेळापासून करू : गंजिफा.

६/
भारतातील गंजिफांचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख बाबराच्या आत्मचरित्रात सापडतो. १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्या, कारण त्याला त्यांची आवड होती आणि त्याने त्या मागवल्या होत्या. दोन राज्यांमधल्या भेटवस्तूंत पत्त्यांचा समावेश व्हावा, इतकी या खेळाची प्रतिष्ठा होती.

७/
पुढे अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त बारा रंगांच्या, म्हणजे बारा चिन्हगटांच्या, १४४ पानी डावाचे वर्णन केले. रंगांची नावे पाहा : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती... नरपती म्हणजे पायदळाच्या बळावर राज्य करणारा. त्याच्यासाठी अबुल फजलने उदाहरण दिले ते विजापूरच्या सुलतानांचे, ज्यांची सत्ता पुढे पुणे प्रांतावरही चालली. अकबराने मात्र हे रंग बदलून स्वतःचे नवे रंग योजले. बादशहाने जुना डाव मोडून आपला रचला आणि तोही खराच मानला गेला.

८/
कालांतराने दोन प्रकार रूढ झाले. मोगल गंजिफा आठ रंगांची, ९६ पानांची. दशावतारी गंजिफा दहा रंगांची, १२० पानांची. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा चिन्हांची पाने. दशावतारीत मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह अशी अवतारांची मालिका येते. दिवसा खेळ असेल तर उतारीचा मान रामाच्या राजाला, रात्री असेल तर कृष्णाच्या राजाला.

९/
आता आपल्या प्रश्नाशी थेट भिडणारी गोष्ट. गंजिफांचे दोन दर्जे होते : ‘दरबार कलम’ आणि ‘बाजार कलम’. दरबारी संच हस्तिदंताचे, कासवाच्या पाठीचे, सोन्याच्या कामाचे. बाजारी संच कापडाच्या किंवा कागदाच्या थरांचे. सावंतवाडीचे चितारी चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवत, गोल पाने कापत, रंगवत आणि लाखेचा हात देत. हस्तिदंती राम आणि चिंचोक्याच्या खळीतला राम यांचे डावातील बळ अगदी समान!

१०/
येथे ‘मूळ पान’ नावाची वस्तूच नव्हती. प्रत्येक संच हाताने काढलेला, आधीच्या संचावरून उतरवलेला. पान हरवले, फाटले, तर चिताऱ्याकडून नवे करून घ्यायचे. रेषा थोडी वेगळी आली तरी चिन्ह ओळखू आले म्हणजे झाले. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडियार (१७९४–१८६८) यांनी तर अठरा रंगांच्या ३६० पानांपर्यंत नवे डाव रचले. पानाचा अधिकार त्याच्या चिन्हात होता. ते कोणी काढले हा प्रश्न खेळाबाहेरचा होता.

११/
एक अट मात्र कडक होती : पाठ सारखी हवी. म्हणूनच गंजिफांची पाठ सहसा एकरंगी असते. चेहरा कितीही निराळा चालेल, पण पाठीवर ओळखीची खूण असेल तर खेळच संपला. आजच्या प्रॉक्सीचे प्लॅस्टिक पाकीट हेच काम करते. पत्त्यांच्या खेळातील प्रामाणिकपणा पानाच्या पाठीवर राहतो.

१२/
आपल्या घरांतही हा रिवाज होता. मेंढीकोटाच्या ऐन रंगात लक्षात येते की चौकट सत्ती गायब आहे. मग जोकर काढायचा, त्यावर पेनाने ‘चौकट ७’ लिहायचे आणि पाने पिसायला घ्यायची. उरलेल्या सुट्टीभर जोकर इमानाने सत्तीचे काम करतो. ही प्रॉक्सीच होय. तिला कधी कोणी खोटे म्हटले नाही, कारण सर्वांनी ती मान्य केलेली असते.

१३/
मग घरी केलेल्या पानाबद्दल संशय कोठून आला? याच कॅटमधील इस्पिकचा एक्का हातात घ्या. इतर तीन एक्के साधे, हा एकटाच नक्षीदार आणि बहुधा कंपनीचे नाव मिरवणारा. ही नक्षी म्हणजे एका कराची खूण आहे. इंग्लंडमध्ये १७११ च्या कायद्याने पत्त्यांच्या प्रत्येक कॅटवर सहा पेन्स कर बसला. १७६५ पासून इस्पिकचा एक्का सरकारी मुद्रांक कार्यालयच छापू लागले. कर भरल्याची पावती म्हणजे हा एक्का.

१४/
एक्का सरकारी झाला, तसा तो घरी काढणे हा गुन्हा झाला. १८०५ साली रिचर्ड हार्डिंग नावाच्या पत्तेविक्रेत्यावर लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. आरोप : इस्पिकचा एक्का बनावट छापून खपवणे. त्याला फाशी झाली. त्या एक्क्याने कोणाचाही डाव बिघडला नव्हता, बुडाला होता तो राजाचा महसूल. इंग्लंडमधील हा कर अखेर १९६० मध्ये रद्द झाला. नक्षी मात्र आजही आपल्या हातात येते.

१५/
उलट दिशेचे उदाहरण कॅनडातले. १६८५ मध्ये तेथील फ्रेंच वसाहतीत सैनिकांच्या पगाराला नाणी उरली नव्हती. फ्रान्सहून येणारे जहाज लांबले. जाक द म्यूल या अधिकाऱ्याने खेळण्याचे पत्ते गोळा केले, त्यांवर रक्कम लिहून सही-शिक्का केला आणि तेच चलन म्हणून वाटले. जहाज आल्यावर त्याने पत्ते परत घेऊन पैसे चुकते केले. कागदाचा तुकडा वचन पाळणाऱ्या माणसामुळे खरा ठरला.

१६/
म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी हाती आल्या. गंजिफेत पान चिन्हामुळे खरे. हार्डिंगच्या इंग्लंडमध्ये शिक्क्यामुळे खरे. कॅनडात वचनामुळे खरे. आजच्या पत्त्यांत या तिन्हींची सरमिसळ आहे आणि वाद त्यातूनच उभा राहतो. खेळाडू चिन्हाकडे पाहतो, कंपनी शिक्क्याकडे, तर संग्राहक म्हणतो, ‘दुर्मीळ राहील, असे वचन मला दिले होते.’

१७/
हे वचन लेखीच आहे. मॅजिकची पहिली पाने बेल्जियममधील टर्नहाउट येथे ‘कार्टा मुंडी’च्या कारखान्यात छापली गेली. हे गाव एकोणिसाव्या शतकापासून पत्तेछपाईसाठी ओळखले जाते. जुन्या पानांच्या फेरछपाईवर संग्राहक नाराज झाले, तेव्हा १९९६ मध्ये ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने एक राखीव यादी जाहीर केली. यादीतील पाने पुन्हा छापायची नाहीत. खेळाडू वाढत गेले, ही पाने तेवढीच राहिली आणि भाव गगनाला भिडले.

१८/
प्रॉक्सीबाबत कंपनीची भूमिकाही समजून घेण्याजोगी आहे. अधिकृत स्पर्धेत घरचे पान चालत नाही. स्पर्धा चालू असताना खरे पान खराब झाले, तर पंच तेवढ्यापुरते प्रतिनिधी पान देऊ शकतो. परंतु २०१६ च्या निवेदनात कंपनीने स्पष्ट केले की, वैयक्तिक, बिनव्यापारी खेळासाठी घरी केलेल्या पानांवर पहारा ठेवण्याची तिची इच्छा नाही. विरोध आहे तो खरे म्हणून खपवता येईल अशा नकलेला.

१९/
२०२२ मध्ये तर गंमतच झाली. खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त कंपनीने राखीव यादीतील पानांसह जुन्या संचाची नवी आवृत्ती काढली. पाठ वेगळी, त्यामुळे अधिकृत स्पर्धेत अमान्य. चार पाकिटे, साठ पाने, किंमत ९९९ डॉलर. अनेक खेळाडूंनी कडवटपणे विचारले की, ही कंपनीने स्वतः छापलेली प्रॉक्सीच नव्हे काय? शिक्का खरा होता, पण खेळातला अधिकार घरच्या चिठ्ठीएवढाच.

२०/
दुसरी बाजूही न्याय्य आहे. चित्रकाराची मजुरी, रचनाकाराचे श्रम, ज्याच्या टेबलावर आपण तासन्‌तास खेळतो त्या दुकानदाराचे भाडे, हे सारे पाने विकली गेल्यानेच निघते. शिवाय दहा जणांनी पैसे मोजून कॅट बांधले आणि अकराव्याने एका रात्रीत सर्वांत महागडी पाने छापून आणली, तर डावाची गोडी जाते. म्हणून चांगले कंपू आधीच ठरवतात : प्रॉक्सी किती, कोणत्या बळाच्या आणि कोणत्या दिवशी.

२१/
तरीही मला सावंतवाडी आठवत राहते. स्वस्त छापील पत्ते आले आणि गंजिफा मागे पडल्या. स्वातंत्र्यानंतर शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी ही कला राजवाड्याच्या आश्रयाने पुन्हा उभी केली, हे त्यांचे थोर ऋण. आज तेथील संच देखणे, मेहनतीचे आणि साहजिकच महाग असतात. लोक ते विकत घेतात आणि काचेच्या कपाटात ठेवतात. कला वाचली, पण खेळ मात्र आपल्याकडे जवळजवळ विसरला गेला.

२२/
ओडिशात काही ठिकाणी ज्येष्ठ मंडळी आजही गंजपा खेळतात. तिथली पाने झिजतात, मळतात, बदलली जातात. खेळ टिकतो तो अशा हाताळण्यानेच. जे पान हाताळण्याची भीती वाटते, ते हळूहळू पान राहत नाही, चित्र होते. दुर्मीळ पत्त्यांच्या आधुनिक खेळांपुढेही हाच धोका आहे. भांडगावातल्या मुलाची स्केचपेनने लिहिलेली चिठ्ठी त्या खेळाला एक खेळाडू मिळवून देते.

२३/
म्हणून माझा निष्कर्ष साधा आहे. पान घरचे आहे हे उघड सांगितले असेल, पाठ सारखी असेल, समोरच्याची संमती असेल आणि ते विकायचे नसेल, तर ते बाजार कलमाच्या परंपरेतले खरे पान आहे. यातली एक अट जरी मोडली, तर त्याचे नाते हार्डिंगच्या एक्क्याशी जुळते.

२४/
शेवटी एक काम. जाड पुठ्ठ्याची ९६ सारखी पाने कापा. आठ रंग लिहा : ताज (मुकुट), सफेद (चांदीचे नाणे), शमशेर (तलवार), गुलाम (सेवक), चंग (वाद्य), सुर्ख (सोन्याचे नाणे), बरात (दस्तऐवज), किमाश (माल). प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पहिल्या चार रंगांत दहा सर्वांत चढा, उरलेल्या चारांत एक्का चढा, पण राजा आणि प्रधान नेहमी वरचे. तिघे बसा, बत्तीस-बत्तीस पाने वाटा. हुकूम नाही, उतारीच्या रंगातले चढे पान हात नेते. दिवसा सुर्खचा राजा उतारी करेल, रात्री सफेदचा. खर्च पुठ्ठ्याचा आणि एका स्केचपेनचा.

#इतिहास #गंजिफा #मराठीधागा