वनप्रदेशातील कष्टकरी शरीर आणि भौतिकोपचार : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

रोगाचा इतिहास म्हटला की साथींचा इतिहास डोळ्यांसमोर येतो. देवी, पटकी, प्लेग, हिवताप यांच्या नोंदी शासनदरबारी झाल्या, कारण या रोगांनी माणसे मरत होती. कंबर, गुडघा, मान आणि खांदा यांच्या दुखण्याने सहसा कोणी मरत नाही. त्यामुळे या दुखण्यांना आरोग्याच्या इतिहासात फारसे स्थान मिळाले नाही. वास्तविक कष्टकरी माणसाच्या आयुष्यातील अधिकाधिक दिवस याच वेदनांच्या सोबतीने जातात. २०२० साली जगभरात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० पासून जगातील अपंगत्वाच्या कारणांमध्ये कंबरदुखीचा क्रमांक पहिला राहिला आहे.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेले चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच जिल्हा होते. स्नायू व सांध्यांच्या विकारांवर व्यायाम, शेक, मर्दन आणि योग्य हालचाल यांद्वारे उपचार करणारे भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपी हे शास्त्र या भूमीत कोणत्या वाटांनी आले, त्याने येथील कष्टकऱ्याला काय दिले आणि काय देणे शिल्लक आहे, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

१. श्रमाचे स्वरूप आणि वेदनेचे मूळ

या दोन जिल्ह्यांतील श्रम ऋतुमानाने बांधलेले आहेत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचली जातात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. पाने तोडून घरी आणायची, उकिडवे बसून ती निवडायची आणि ७० पानांचा एक याप्रमाणे पुडे बांधायचे, हे काम कुटुंबातील सर्वजण करतात. पावसाळ्यात ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल या तालुक्यांत आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात रोवणी सुरू होते. चिखलात उभे राहून, कमरेत वाकून दिवसभर रोप लावण्याचे हे काम प्रामुख्याने स्त्रियाच करतात. याशिवाय जळाऊ लाकडाची मोळी, पाण्याचे हंडे आणि बांबूतोड आहेच. पश्चिमेकडे वरोरा, घुग्घुस, राजुरा या भागांत कोळसा खाणी आहेत. तेथील अवजड वाहनांवर काम करणाऱ्यांच्या कण्याला सतत हादरे बसतात.

या कामांचा शरीरावर होणारा परिणाम समजण्यास कठीण नाही. माणूस दीर्घकाळ वाकून राहिला की पाठीचे स्नायू थकतात, कण्याचे अस्थिबंध ताणले जातात आणि मणक्यांमधील चकत्यांवरील दाब वाढतो. थकलेला स्नायू आखडतो, आखडलेला स्नायू दुखतो आणि दुखण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो. हालचाल कमी झाली की स्नायू अधिकच दुर्बल होतात. भौतिकोपचार हे चक्र तोडण्याचा प्रयत्न करतात.

२. पारंपरिक उपचारांची पार्श्वभूमी

आधुनिक शास्त्र येण्यापूर्वी येथील लोक वेदनेपुढे हतबल होते असे मानणे चुकीचे ठरेल. निरगुडीच्या पाल्याचा शेक, गरम विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक, मोहाच्या बियांच्या म्हणजे टोळीच्या तेलाने मर्दन हे उपाय घरोघरी परिचित होते. उसण भरली असता पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घेण्याची प्रथा महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. काही ठिकाणी दुखऱ्या भागावर डाग देण्याचा अघोरी प्रकारही चालत असे.

यांपैकी शेक आणि मर्दन यांचे कार्य आधुनिक शास्त्रालाही मान्य आहे. उष्णतेने त्या भागातील रक्ताभिसरण वाढते, स्नायू सैलावतो आणि काही काळ वेदना कमी जाणवते. मात्र हा आराम तात्पुरता असतो. दुर्बल झालेला स्नायू पुन्हा बलवान करण्याचे काम शेकाने होत नाही, ते व्यायामानेच होते. परंपरेत शेक होता, मर्दन होते. दुखऱ्या अवयवासाठी योजनाबद्ध व्यायामाची कल्पना मात्र नव्याने यायची होती.

३. भौतिकोपचार शास्त्राचे आगमन

योजनाबद्ध व्यायामाचा उपचार म्हणून पद्धतशीर विचार युरोपात झाला. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षणाची संस्था स्थापन केली. पुढे पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांमुळे या शास्त्राला मोठी चालना मिळाली. भारतात त्याचा पाया मुंबईत घातला गेला. १९५० मध्ये कमला निंबकर यांच्या पुढाकाराने मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले. १९५२ मध्ये मुंबईत पोलिओची साथ आली आणि त्यानंतर १९५३ मध्ये त्याच रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय सुरू झाले. भारतीय भौतिकोपचारतज्ज्ञांची संघटना १९५५ मध्ये स्थापन झाली. या व्यवसायाचे नियमन करणारा कायदा महाराष्ट्रात २००२ मध्ये, तर देशपातळीवर २०२१ मध्ये झाला.

हा सर्व इतिहास महानगराचा आहे. युद्धातील जखमी आणि पोलिओग्रस्त बालक हे त्याचे पहिले रुग्ण होते. रोवणी करून कंबर धरलेली स्त्री या शास्त्राच्या दृष्टिपथात आली नव्हती.

४. आनंदवन : वेदना नसण्याचे दुःख

तत्कालीन चांदा जिल्ह्यात पुनर्वसनाचा विचार आला तो कुष्ठरोगाच्या निमित्ताने. मुरलीधर देवीदास तथा बाबा आमटे (१९१४-२००८) यांनी १९४९ मध्ये महारोगी सेवा समितीची स्थापना केली आणि १९५१ मध्ये वरोऱ्याजवळ आनंदवन सुरू झाले.

कुष्ठरोगात मज्जातंतू बाधित होतात. हातापायांची संवेदना जाते, बोटे वाकडी होतात. संवेदनाच नसल्यामुळे चटका बसला किंवा काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि बोटे झडतात. वेल्लोर येथील डॉ. पॉल ब्रँड यांनी याच काळात दाखवून दिले की बोटे झडतात ती वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या इजांमुळे. स्नायुबंध स्थलांतरित करण्याच्या शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केल्या. या शस्त्रक्रियांच्या आधी आणि नंतर भौतिकोपचार अनिवार्य असतात, कारण स्थलांतरित स्नायूला नवे काम शिकवावे लागते. शस्त्रक्रियेशिवायही हात पाण्यात भिजवणे, तेल लावून चोळणे, मेणाचा शेक देणे, बोटे सरळ करण्याचे व्यायाम करणे आणि मऊ रबराची पादत्राणे वापरणे हे कुष्ठसेवेतील नित्याचे उपाय ठरले.

वेदना ही शरीराची राखणदार आहे, हा धडा कुष्ठरोग्याच्या बधिर हातांनी दिला. त्यामुळे स्नायू-सांध्यांच्या दुखण्याचा विचार करताना वेदना केवळ दडपून टाकणे हे उद्दिष्ट ठरू शकत नाही. ती कशाची सूचना देते आहे, हे पाहणे आवश्यक ठरते.

आनंदवनाने आणखी एक गोष्ट केली. उपचाराचा शेवट रुग्णालयाच्या दारात न होता कामात झाला पाहिजे, असे तेथे मानले गेले. विहिरी खोदणे, शेती, हातमाग, सुतारकाम अशा कामांतून रुग्ण पुन्हा उभे राहिले. मूल तालुक्यातील सोमनाथ येथे १९६७ पासून हाच विचार शेतीच्या रूपाने विस्तारला. श्रमाने शरीर झिजते हे खरे. तथापि योग्य श्रम शरीराला घडवतातही, याचे प्रत्यंतर येथे आले.

स्वतः बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याचा गंभीर विकार होता. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांना बसता येत नसे. उभे राहणे, चालणे आणि आडवे पडणे एवढेच शक्य असे. अशाही स्थितीत त्यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारी ते काश्मीर आणि १९८८ मध्ये अरुणाचल ते गुजरात अशी भारत जोडो अभियाने केली. वाहनात आडवे पडून त्यांनी हा प्रवास केला. कण्याचा विकार असाध्य असला तरी जीवन थांबत नाही, असे त्यांच्या उदाहरणावरून म्हणता येईल. परंतु त्यांच्याभोवती कार्यकर्ते आणि वैद्यकीय साहाय्य होते. तशी व्यवस्था वाट्याला न आलेल्या शेतमजुराचा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

५. गडचिरोली : दुखण्याची मोजदाद

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. धानोरा तालुक्यातील चातगाव येथे १९९३ मध्ये शोधग्राम उभे राहिले. तेथील रुग्णालयाला माँ दंतेश्वरीचे नाव देण्यात आले. या संस्थेच्या कामाचे वैशिष्ट्य असे की, न मोजलेली दुखणी गावात जाऊन मोजण्याची तिची पद्धत आहे. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करण्यात आली होती. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. ग्रामीण स्त्रिया आपल्या कंबरदुखीचा संबंध अंगावरून पांढरे जाण्याशी जोडतात. त्यामुळे कंबरदुखीची तक्रार घेऊन आलेल्या स्त्रीची सर्वांगीण तपासणी व्हावी, हे या अभ्यासावरून सुचते.

पुढे पाठ, कंबर आणि सांध्यांचे दुखणे हाच अभ्यासाचा विषय झाला. मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेली 'द स्पाइन फाउंडेशन' ही संस्था या कामात सहभागी झाली. मणक्याच्या विकारांची तपासणी व शस्त्रक्रिया यांची सोय शोधग्रामात होऊ लागली. गडचिरोलीच्या गावांतील प्रौढांच्या सर्वेक्षणावर आधारित या दोन्ही संस्थांतील संशोधकांचा निबंध २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ ग्लोबल हेल्थ' मध्ये प्रसिद्ध झाला. पाठदुखी आणि स्नायू-सांधेदुखी हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे आणि ग्रामीण समाज त्यावरील उपायाची वाट पाहत आहे, अशी मांडणी त्यात करण्यात आली.

ऐतिहासिक दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे. जे दुखणे वयाचा किंवा नशिबाचा भाग म्हणून सोसले जात होते, त्याला प्रथमच रोगाचा दर्जा आणि समाजाच्या प्रश्नाचे स्वरूप मिळाले.

६. उपचाराच्या कल्पनेतील बदल

कंबर दुखली की अंथरुणावर पडून राहावे, असा सल्ला वैद्यकशास्त्रानेही दीर्घकाळ दिला. १९८६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन दिवसांची विश्रांती ही सात दिवसांच्या विश्रांतीइतकीच गुणकारी असल्याचे आणि कमी विश्रांती घेणाऱ्यांचे कामाचे दिवस कमी बुडाल्याचे दिसले. त्यानंतर हळूहळू हालचाल चालू ठेवण्याचा विचार रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये दीर्घकालीन कंबरदुखीसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांत रुग्णशिक्षण आणि व्यायाम यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा, वजन लावून कणा ताणणे आणि ध्वनिलहरींचे यंत्र यांचा नित्य वापर मात्र करू नये, असे सांगितले आहे.

यंत्रसामग्रीचा अभाव असलेल्या वनप्रदेशासाठी हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. परिणामकारक उपचाराचा मुख्य भाग चटईवर करता येतो. उताणे झोपून गुडघे वाकवून कंबर उचलणे, पालथे झोपून छाती हलकेच वर करणे, गुडघ्याखाली चादरीची गुंडाळी ठेवून ती दाबणे, आखडलेल्या खांद्यासाठी भिंतीवर बोटे चढवत नेणे, हे व्यायाम शिकण्यास सोपे आहेत. गुडघ्याच्या झिजेत मांडीचा पुढचा स्नायू बळकट केल्यास सांध्यावरील ताण कमी होतो. मात्र हे व्यायाम काही आठवडे नियमित करावे लागतात आणि आरंभी तज्ज्ञाने रुग्णाला तपासून ते शिकवावे लागतात.

याचबरोबर काम करण्याच्या रीतीत बदल आवश्यक आहे. रोवणी करणाऱ्या स्त्रीला विश्रांतीचा सल्ला देणे निरर्थक ठरते, कारण तिचा हंगाम आणि मजुरी थांबत नाही. थोड्या थोड्या वेळाने उभे राहून कमरेवर हात ठेवून मागे झुकणे, पुडे बांधताना बैठक बदलणे, ओझे उचलताना कंबरेऐवजी गुडघ्यांत वाकणे आणि ते शरीराजवळ धरणे, एवढे तिला कामातच करता येते. अशा सल्ल्याअभावी वेदनाशामक गोळ्यांचाच आधार उरतो. त्यांच्या दीर्घ सेवनाने जठर आणि मूत्रपिंडाला अपाय होऊ शकतो.

प्रत्येक दुखणे व्यायामाने बरे होणारे नसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. ताप, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना, पायातील शक्ती जाणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे ही लक्षणे असल्यास क्षयरोग किंवा मज्जारज्जूवरील दाबाची शक्यता तपासावी लागते. या प्रदेशात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या हाडा-सांध्यांतील तीव्र कळा या वेगळ्या कारणाने उद्भवतात, थंडीने त्या वाढू शकतात आणि तेथे वैद्यकीय उपचारच हवेत. चंद्रपूर जिल्ह्यातील काही भागांत भूजलात फ्लोराईडचे प्रमाण अधिक आहे. तेथील हाडांच्या ताठरपणावर मुख्य उपाय शुद्ध पाण्याचा आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली म्हणजे, या दोन जिल्ह्यांत पुनर्वसनाचा विचार प्रथम कुष्ठरोग्यांसाठी आला आणि सामान्य कष्टकऱ्याच्या वेदनेची दखल त्यानंतर कित्येक दशकांनी घेतली गेली. दुसरी म्हणजे, आनंदवनाने उपचाराची कसोटी कामावर परतणे ही ठरवली, तर गडचिरोलीतील संशोधनाने न मोजलेल्या वेदनेला सामाजिक प्रश्नाचे रूप दिले. तिसरी म्हणजे, शास्त्राची आजची दिशा यंत्रापेक्षा व्यायाम व शिक्षणाकडे आहे आणि ती या प्रदेशाला अनुकूल आहे.

चंद्रपूर येथे २०१५ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि भामरागड किंवा जिवतीच्या पाड्यावरील स्त्रीला व्यायाम शिकण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी वारंवार येणे परवडणारे नाही. भौतिकोपचारतज्ज्ञाने गावपातळीवरील आरोग्यसेविकेला प्रशिक्षित करावे आणि तिने ते ज्ञान रोवणीच्या बांधावर व तेंदूपत्त्याच्या फळीवर न्यावे, हा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. मुंबईच्या रुग्णालयातून निघालेले हे शास्त्र बांधापर्यंत पोहोचेल, तेव्हाच वनप्रदेशातील त्याचा प्रवास पूर्ण झाला असे म्हणता येईल.