हंगेरियन भाषेत पुरुष 'माझं लग्न झालंय' हे कसं सांगतो?

हंगेरियन भाषेत 'तो' आणि 'ती' यांच्यासाठी एकच शब्द आहे : 'ओ'. आपल्याकडे 'आला' की 'आली' हे क्रियापदावरून कळतं, तिथे तेही नाही. पण लग्नाचा विषय निघाला, की याच भाषेत पुरुषाचा शब्द वेगळा आणि बाईचा वेगळा.

पुरुषासाठी कोणते शब्द?

लग्न झालेला पुरुष म्हणजे 'नोश'. 'नो' म्हणजे स्त्री आणि शेवटचा 'श' म्हणजे 'असलेला'. मिठाला 'शो' म्हणतात आणि खारटला 'शोश'. त्याच न्यायाने 'नोश' म्हणजे बायको असलेला.

अविवाहित पुरुष म्हणजे 'नोत्लेन', शब्दशः 'स्त्रीविना'. अळणी जेवणाला 'शोत्लॉन' म्हणतात, त्यातही हाच 'विना' आहे. स्वरांच्या मेळानुसार त्याचं रूप तेवढं बदलतं.

(हे उच्चार जवळपासचे आहेत. 'नो' म्हणताना जीभ 'ए'साठी ठेवा आणि ओठ 'ओ'सारखे गोल करा.)

बाईसाठी?

विवाहित स्त्री 'फेर्येझेत्त', कारण 'फेर्य' म्हणजे नवरा. अविवाहित स्त्री 'हॉयॉदोन'.

गोंधळ होतो तो इथेच. इंग्रजी 'मॅरिड'साठी शब्दकोशात दोन्ही शब्द सापडतात. त्यातला चुकीचा उचलून पुरुषाने स्वतःला 'फेर्येझेत्त' म्हटलं, तर अर्थ होतो 'मला नवरा आहे'!

लग्न 'करणं'ही वेगळं

पुरुष लग्न करतो तेव्हा 'मेग्नोश्युल', म्हणजे तो 'बायकोवाला होतो'. बाई मात्र 'फेर्यहेझ मेद्य', म्हणजे 'नवऱ्याकडे जाते'. आपल्याकडे लेक सासरी जाते, तसंच काहीसं.

दोघांना चालणारा शब्द आहे का?

आहे : 'हाझॉश'. तो 'हाझ' म्हणजे घर या शब्दावरून आला. आपल्या 'गृहस्थ' शब्दातही घरच आहे. घटस्फोटितासाठी 'एल्वाल्त' आणि जोडीदार गमावलेल्यासाठी 'ओझ्वेद्य' हे शब्दही स्त्री-पुरुष दोघांना चालतात.

आणखी एक ओळखीची गोष्ट : बायकोला 'फेलेशेग' म्हणतात. त्यातला 'फेल' म्हणजे अर्धा. आपली 'अर्धांगिनी' आठवली ना?

थोडक्यात

हंगेरियन फॉर्मवर 'चॉलादी आलॉपोत' असं दिसलं, तर तो वैवाहिक स्थितीचा रकाना. लग्न झालेल्या पुरुषाने तिथे 'नोश' लिहावं, न झालेल्याने 'नोत्लेन'. बोलताना शब्द आठवला नाही, तर विवाहितांसाठी 'हाझॉश' आहेच.