चोळीबांगडीचा महाल

बदलीच्या निमित्ताने तंजावरास आलेला मराठी मनुष्य पहिल्याच रविवारी बृहदीश्वराच्या दर्शनास जातो, आणि देवदर्शन आटोपल्यावर कोणीतरी जाणता त्यास प्राकाराच्या भिंतीपाशी नेऊन उभा करतो. चोळांच्या त्या दगडावर देवनागरीत मराठी कोरलेले आहे. दुसऱ्या सरफोजी राजांनी 1803 मध्ये भोसले वंशाचे चरित्र येथे खोदवून घेतले. ते रचणारा बाबूराव चिटणीस. सह्याद्रीपासून इतक्या दूर, तमिळ देशाच्या मध्यभागी, आपली अक्षरे अशी ओळीने उभी पाहून ऊर भरून येतो. माझाही आला. पुढे पाहुण्यांस दाखविण्याकरिता मी त्या भिंतीपाशी इतक्या वेळा गेलो की अभिमानाचा भर ओसरला आणि मजकुराकडे लक्ष जाऊ लागले. लेखात राण्यांची नावे येतात, लग्नकार्ये येतात. परंतु कथा चालते ती बापाकडून लेकाकडे आणि भावाकडून भावाकडे. कुळकथा सांगण्याची आपली रीतच तशी. माझ्या घरची वंशावळ वडिलांनी स्वहस्ते लिहून ठेवली आहे, तीतही माझ्या दोन बहिणींची नावे नाहीत.

तंजावरच्या मराठी राज्याचा आरंभ दोन भावांच्या कलहात गुंतलेला आहे, हे सर्वश्रुत आहे. परंतु त्या कलहाचा शेवट ज्या तहाने झाला त्यात एक कलम असे आहे की, ते वाचून मी फार अस्वस्थ झालो. त्याविषयी लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

शहाजीराजे 1664 च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून वारले. कर्नाटकातील त्यांची जहागीर, बंगळूर धरून, तुकाबाईंचे पुत्र व्यंकोजी यांच्याकडे राहिली. पुढे विजापूरच्या वतीने दक्षिणेत उतरून 1675 च्या सुमारास त्यांनी तंजावरची गादी घेतली. थोरले भाऊ तोवर स्वतंत्र राज्याचे छत्रपती झाले होते. एक बाप, पण आया निराळ्या, बालपणानंतरचे वास्तव्य निराळे, धनीही निराळे. दोघांत जाणे-येणे म्हणावे असे काही उरले नव्हते. 1677 मध्ये शिवाजीमहाराज दक्षिणदिग्विजयास निघाले आणि त्या उन्हाळ्यानंतर कोळ्ळिडमच्या उत्तरतीरी तिरुमळपाडी येथे भावाभावांची भेट झाली. महाराजांचे म्हणणे असे की, वडिलांची मिळकत तेरा वर्षे तुम्ही एकट्याने उपभोगिली, आता आमचा अर्धा वाटा द्यावा. भेट मोठ्या सन्मानाने झाली, मेजवान्या झाल्या. पण वाट्याचा विषय निघताच व्यंकोजींच्या मनात भय शिरले आणि एके रात्री ते नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. सभासद सांगतो की महाराजांस याचे फार वाईट वाटले; मी काय त्यास कैद करणार होतो, असे म्हणून त्यांनी धाकट्याचा धाकटेपणा समजून घेतला.

समजून घेतला तरी वाटा सोडला नाही. कोळ्ळिडमच्या उत्तरेकडील मुलूख घेऊन, त्याची व्यवस्था रघुनाथपंत हणमंते व सावत्र बंधू संताजी भोसले यांजकडे देऊन महाराज परतले. पाठ फिरताच, नोव्हेंबर 1677 मध्ये, व्यंकोजींनी वालिकोंडपुरमच्या परिसरात संताजीवर चाल केली. दिवसा जिंकले, रात्री संताजी उलटून पडला आणि हरले. त्यानंतरचे महाराजांचे पत्र प्रसिद्ध आहे. त्यात दटावणी आहे, दुष्टांच्या सल्ल्याने वागल्याचा ठपका आहे. तरी ते शत्रूला लिहिलेले पत्र नव्हे, एवढे कोणासही कळेल.

येथे कथेत एक स्त्री येते. व्यंकोजींची राणी दीपाबाई, माहेरची इंगळे. पराभवाने खचलेल्या नवऱ्यास तिने सांगितले की थोरल्या भावाशी वैर धरण्यात शहाणपण नाही. रघुनाथपंतांस बोलावून घ्यावे आणि समेट करावा. रघुनाथपंत म्हणजे शहाजीराजांच्या कारभाऱ्याचा मुलगा. पूर्वी याच दरबारात होता आणि व्यंकोजींशी न पटल्याने रुसून महाराजांकडे गेला होता. त्याला पुन्हा घरात घेणे हे पुरुषाच्या अभिमानास जड होते. दीपाबाईने ते करवून घेतले. पुढे एकोणीस कलमांचा तह झाला. त्याची कलमे शिवदिग्विजय बखरीत दिलेली आहेत. बखर पुष्कळ नंतरची आहे आणि तिच्यातील प्रत्येक आकड्यावर विसंबून चालणार नाही, हे मला मान्य आहे. तथापि बखरकारास एखादी गोष्ट लिहावीशी वाटली, यालाही इतिहासात मोल असतेच.

त्या कलमांत विजापूरची चाकरी आहे, फौजेची बोली आहे, बंडखोरांचा बंदोबस्त आहे. चंजीकडील सात लाखांचा मुलूख व्यंकोजींस दूधभातासाठी दिला आहे. आणि मग बंगळूर, होसकोटे व शिरालकोट हे महाल. आज उत्पन्न दोन लाखांचे, व्यवस्था नीट ठेवल्यास पाच लाखांपर्यंत जाईल, असे नमूद करून हे सर्व दीपाबाईस चोळीबांगडीसाठी दिले आहे. एवढ्यावर कलम संपत नाही. ही मिळकत पुढे मुलींच्या वंशात चालावी. महालाचा सांभाळ व्यंकोजींनी करावा, परंतु उत्पन्न दीपाबाई जिला देईल तिने घ्यावे, असे पुढे म्हटले आहे.

वाचकांनी क्षणभर थांबून या शब्दाकडे पाहावे. चोळीबांगडी थोरले दीर देत नसतात. चोळीबांगडी माहेरचे देतात. लेक सासरी गेली की वर्षाकाठी एखादे लुगडे, चोळीचा खण, हातभर बांगड्या, एवढ्यावर बाप आणि पुढे भाऊ तिचे माहेर जिवंत ठेवतात. ज्याचे हात अवघा कर्नाटक हिसकावून घेण्याइतके लांब होते, त्याने धाकट्या भावाच्या बायकोस द्यावयाच्या देणगीस हे नाव दिले. राजकारण म्हणाल तर त्यात होतेच: ज्या बंगळुरावर वाद होता ते ना स्वतःकडे ठेवले, ना भावास दिले, भावाच्या घरातील तिसऱ्याच व्यक्तीच्या पदरात टाकले. मला तरी ते एवढ्यावर सुटत नाही. केवळ तोडगाच काढावयाचा तर मुलींचा वंश कशास हवा होता? जी समेट घडवून आणते तिचे या घराशी स्वतंत्र नाते आहे, नवऱ्याच्या आड येणारे नव्हे आणि नवऱ्यावर अवलंबूनही नव्हे, असे कोणास तरी वाटले असले पाहिजे.

हे वाचीत होतो त्या रात्री मला माझेच एक कलम आठवले. आपल्यापैकी जे महसूल खात्यात आहेत त्यांस हक्कसोडपत्र म्हणजे काय हे सांगावयास नको. वडील गेल्यावर गावाकडील जमिनीसाठी मी रजा काढून गेलो, दोघी बहिणींस दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले आणि दोघींनी मुकाट्याने सह्या केल्या. मी दोघींस उंची साड्या घेतल्या. त्या साड्यांचा मला मनातून अभिमानही वाटला होता. निरोपाच्या वेळी अक्का एवढेच म्हणाली, "जमीन राहू दे रे, तू येत जा म्हणजे झाले." त्यास सहा वर्षे झाली. मी एकदाही गेलो नाही. भाऊबीजेचे पैसे बँकेमार्फत वेळेवर जातात, एकही वर्ष चुकले नाही. धाकटीचे गर्भाशयाचे मोठे दुखणे झाले ते मला चार महिन्यांनी, आणि तेही मेहुण्यांकडून, दुसऱ्याच कामाच्या बोलण्यात कळले. का कळविले नाहीस असे विचारले तेव्हा ती म्हणाली, तुला कामे असतात. ते तिने रागाने म्हटले असते तर बरे झाले असते.

व्यंकोजींच्या कथेकडे पुन्हा वळतो, कारण तिचा उत्तरभाग पहिल्याहून मोठा आहे. समेट झाला, पण व्यंकोजींचे मन उठले. ते कारभारात लक्ष घालीनात, खाण्यापिण्याची व शरीराची आबाळ करू लागले, सणवार सोडले, फौज रिकामी बसली. रघुनाथपंतांनी हे कळविल्यावर महाराजांनी भावास जे पत्र लिहिले ते त्यांच्या अखेरच्या काळातले आहे. वैराग्य म्हातारपणी करावयाचे, तुमचे दिवस पराक्रमाचे. आम्ही पाठीशी असता तुम्ही उदास का होता, असा त्याचा आशय. 1677 मध्ये ज्या भावाने वाटा मागितला, तोच आता जेवता का नाही हे विचारीत आहे. महाराज 3 एप्रिल 1680 रोजी निवर्तले. या दोन पत्रांत फार वर्षांचे अंतर नाही. पहिले आधी लिहावे लागले आणि दुसऱ्यास इतकाच काळ उरला, याची मला हळहळ वाटते.

चोळीबांगडीचा महाल टिकला नाही. 1687 मध्ये मोगलांच्या कासिमखानाने बंगळूर घेतले आणि ते म्हैसूरच्या चिक्कदेवराजाकडे गेले. तंजावरकरांची ते तीन लाखांस विकण्याची बोलणी आधीपासून चाललीच होती. कलमाप्रमाणे जिचे तिला त्यांनी विचारले होते काय, हा प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. व्यंकोजींचे तीन पुत्र, शहाजी, सरफोजी आणि तुकोजी, एकामागून एक गादीवर बसले. त्यांनी विद्वानांस अग्रहारे दिली, नाटके लिहिली, देवळे सजविली. मुलींच्या वंशाची आठवण मात्र कोणा राजकवीने काढली नाही.

ती आठवण पुढे निघाली, पण कोठे? 29 ऑक्टोबर 1855 रोजी सरफोजींचे पुत्र शिवाजी राजे पुत्रहीन वारले. मागे राण्या होत्या आणि दोन मुली होत्या. रेसिडेंट फोर्ब्स याने मुलीचा हक्क मानावा अशी शिफारस केली. हिंदू राजाच्या मुलीस गादीवर हक्क सांगणारा कायदा नाही आणि रूढीही नाही, असे म्हणून कंपनीच्या डायरेक्टरांनी ती फेटाळली. राज्य खालसा झाले. 18 ऑक्टोबर 1856 रोजी शिपायांनिशी येऊन फोर्ब्सनेच राजवाड्यातील चीजवस्तूस कुलुपे लावली. थोरल्या राणी कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या व जिंकल्या. 1859 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. हे राजसत्तेचे कृत्य आहे, न्यायासनास त्यात पडता येत नाही, असे ठरले. अखेर 1862 मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राण्यांस परत केली, आणि त्या हुकुमात लिहिले की शेवटची राणी वारल्यावर ही मिळकत राजाच्या मुलीकडे जावी. शिवदिग्विजयातील कलमानंतर या घराण्याच्या मिळकतीत लेकीचा वारसा असा स्पष्ट लिहिलेला मला आढळला तो या परक्यांच्या हुकुमात. डायरेक्टरांनी रूढीचे निमित्त केले हे खरे, त्यांना राज्य हवेच होते. पण निमित्त आयते हाती ठेवणारे आपणच होतो.

कायद्याने पुढे हे बदलले. वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क तमिळनाडूने 1989 मध्ये दिला, महाराष्ट्राने 1994 मध्ये. 2005 पासून तो साऱ्या देशास लागू झाला. या बाबतीत तंजावर आपल्या पाच वर्षे पुढे होते. आणि कायदा झाल्यापासून आपल्याकडे हक्कसोडपत्रांचे महत्त्व वाढले, हेही कचेरीत बसणाऱ्यास ठाऊक आहे. कारण हक्क असल्याशिवाय तो सोडून घेता येत नाही.

या प्रांतात भावाने बहिणीस न्यावयाच्या देण्यास 'सीर' म्हणतात. बहिणीच्या मुलांच्या मंगलकार्यात मामाचे सीर आल्यावाचून पान हलत नाही, आणि ते कोणाबरोबर धाडून भागत नाही; ताटे घेऊन मामाने स्वतः जावे लागते. देवही यातून सुटलेले नाहीत. समयपुरमची मारिअम्मा ही श्रीरंगमच्या रंगनाथाची धाकटी बहीण मानली जाते. तैपूसमच्या दिवशी ती कोळ्ळिडमच्या काठी येते आणि भावाकडून वस्त्रे, फुले, फळे असे सीर तेथे तिला पोचते. तिरुमळपाडी याच नदीवर, काही कोस खाली आहे.

गेल्या तैपूसमला मी तेथे गेलो होतो. गर्दी फार होती, ऊन होते, पात्रात पाणी थोडे आणि वाळू पुष्कळ. ताटे येऊ लागली तशी माझ्याशेजारच्या एका म्हाताऱ्या बाईने, मला भाषा नीट कळत नाही हे ओळखून, बोटांनी दाखवून सांगितले: हा अण्णा, ती तंगै. मी म्हटले, ठाऊक आहे. मग तिने विचारले, तुम्हाला बहिणी किती? मी दोन बोटे दाखविली. कोठे असतात, हा तिचा पुढचा प्रश्न होता. एकीचे गाव सांगितले. धाकटीने दुखण्यानंतर घर बदलले आहे एवढे मला ठाऊक होते; नव्या घराचा पत्ता माझ्यापाशी नव्हता.

तो मी त्याच संध्याकाळी तिला विचारून घेतला. रजेचा अर्ज दिला आहे.