सरोवर कोणाचे आणि कुठले?

कारधा हे भंडारा शहरासमोर, वैनगंगेच्या पलीकडच्या काठावरचे गाव. खाली पवनी तालुक्यात गोसीखुर्दला नदी अडवल्यामुळे धरणाचा फुगवटा इथपर्यंत पोचतो. १९८८ साली पायाभरणी झालेल्या या प्रकल्पाला नाव मिळाले ‘इंदिरासागर’. या नावाचे लॅटिन करून पाहू. प्राण्यांची व वनस्पतींची शास्त्रीय नावे लॅटिन व्याकरणानेच घडवली जातात, त्यामुळे हा खेळ वर्गातही उपयोगी पडेल.

लॅटिनमध्ये तळ्याला ‘लाकुस’ म्हणतात. त्याला व्यक्तीचे नाव जोडताना षष्ठी वापरतात. इंदिरा या नावाची षष्ठी ‘इंदिराए’. म्हणून ‘लाकुस इंदिराए’, म्हणजे इंदिरेचे सरोवर. गावाचे नाव जोडायचे तर ‘एन्सिस’ हा प्रत्यय लागतो : ‘लाकुस गोसीखुर्देन्सिस’. आपल्या आडनावांतला ‘कर’ हेच काम करतो. पहिल्या नावातून सन्मान कोणाचा ते कळते, दुसऱ्यातून पाणी कुठले ते. इंदिरासागर नर्मदेवरही आहे. गोसीखुर्द सांगितले की घोटाळा उरत नाही.

व्यक्तीचे नाव एकदा पाण्याला चिकटले की दूरवर जाते. १८५८ साली स्पीक या इंग्रज प्रवाशाने आफ्रिकेतल्या एका विशाल सरोवराला आपल्या राणीचे नाव दिले. काठावरच्या लुओ लोकांचे ‘नाम लोल्वे’ हे नाव होतेच. पुढे १९०१ साली बूलेंजर यांनी तिथल्या एका माशाला ‘लेबिओ व्हिक्टोरियानस’ म्हटले. हा आपल्या रोहूचा, म्हणजे ‘लेबिओ रोहिता’चा, भाऊबंद. राणीने ते सरोवर कधी पाहिले नाही, पण तिचे नाव माशालाही मिळाले!

आपल्याकडे याच्या उलट घडले. नवेगाव बांध हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते. हा भाग १९९९ पासून गोंदिया जिल्ह्यात आहे. भंडारा-गोंदियाला तलावांचे जिल्हे करणारे हे कोहळी लोक. पण तलाव ओळखला जातो गावाच्या नावाने. त्याचे लॅटिन करताना ‘एन्सिस’ लावावा की कोलू पाटलांची षष्ठी, हे व्याकरण ठरवू शकत नाही. व्याकरण फक्त निवड स्पष्ट करते.

विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या तलावाची दोन्ही नावे घडवायला सांगावीत. पहिले घडवण्यासाठी त्यांना आधी विचारावे लागेल : हा तलाव बांधला कोणी?