शस्त्रक्रियेनंतरही पोट साफ का होत नाही?

निरोगी नवजात बालक सामान्यतः पहिल्या २४ ते ४८ तासांत काळपट-हिरवी, चिकट अशी पहिली शी करते. ती झाली नाही, पोट फुगू लागले आणि हिरव्या उलट्या सुरू झाल्या, तर डॉक्टरांना ज्या विकारांची शंका येते, त्यांत 'हिर्शस्प्रुंग' हा जन्मजात विकार महत्त्वाचा असतो. सुमारे पाच हजार बालकांमागे एकाला तो होतो आणि मुलींच्या तुलनेत मुलग्यांमध्ये साधारण चौपट आढळतो. शस्त्रक्रिया हाच त्यावरील मुख्य उपचार आहे. मात्र शस्त्रक्रिया झाली म्हणजे आजार संपला, असे समजणे योग्य नव्हे. काही मुलांना त्यानंतरही बद्धकोष्ठता, पोटफुगी किंवा नकळत शी होण्याचा त्रास होतो. त्यावर उपाय आहेत. पण आधी कारण शोधावे लागते.

विकार नेमका काय?

कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिन येथील वैद्यकीय सभेत या विकाराची माहिती दिली. गर्भावस्थेत चेतापेशी आतड्याच्या वरच्या भागाकडून खाली गुदद्वाराकडे सरकत जातात. हा प्रवास अर्धवट राहिला, की आतड्याच्या शेवटच्या भागाला चेतापेशी मिळत नाहीत. तो भाग सैल पडत नाही, आकसलेलाच राहतो. मळ त्याच्या वर साचतो आणि तेथील आतडे फुगते.

१९४८ मध्ये अमेरिकन शल्यचिकित्सक ऑर्व्हर स्वेन्सन यांनी चेतापेशी नसलेला भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराजवळ जोडण्याची पद्धत मांडली. हीच 'पुल-थ्रू' शस्त्रक्रिया होय. पुढे डुहामेल आणि सोआवे यांच्या पद्धती आल्या. १९९० च्या दशकात दुर्बिणीतून, तसेच पोटावर छेद न घेता गुदद्वारातून शस्त्रक्रिया होऊ लागली.

एक तक्रार, पाच कारणे

शस्त्रक्रियेनंतर मळ अडत असेल, तर अमेरिकेतील बालशल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या अभ्यासगटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाच शक्यता तपासाव्या लागतात. जोडाची जागा अरुंद होणे किंवा आतड्याला पीळ पडणे, ही पहिली. चेतापेशी नसलेला अथवा अपुऱ्या असलेला भाग शिल्लक असणे, ही दुसरी. गुदद्वाराचा आतील स्नायू सैल न पडणे, ही तिसरी. उरलेल्या आतड्याचीच हालचाल मंद असणे, ही चौथी; तर वेदनेच्या धास्तीने मुलाने शी रोखून धरण्याची सवय लावून घेणे, ही पाचवी.

लक्षणे सारखी दिसली, तरी उपचार भिन्न आहेत. म्हणूनच केवळ जुलाबाचे औषध वाढवत राहणे पुरेसे ठरत नाही. प्रत्यक्ष तपासणी, औषध भरून काढलेला क्ष-किरण आणि गुदाशयाची बायोप्सी यांतून पहिल्या दोन कारणांचा छडा लागतो. स्नायूंचा व आतड्याचा दाब मोजणारी मॅनोमेट्री, तसेच गिळलेल्या खुणा आतड्यातून किती वेगाने पुढे सरकतात हे दाखवणारी तपासणी यांमुळे हालचालीतील दोष कळतो.

उपचार कसे ठरतात?

अडथळा अथवा सदोष भाग आढळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. आतील स्नायू आवळलेला असेल, तर त्यात बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन दिले जाते. त्याचा परिणाम काही महिनेच टिकतो. परंतु अनेक मुलांत ही अडचण वयाच्या पाचव्या वर्षापर्यंत आपोआप कमी होत असल्याने तेवढा आधार पुरतो. हालचाल मंद असल्यास रेचके, आहारातील बदल आणि ठरावीक वेळी एनिमा यांचा उपयोग होतो. एनिमाची दीर्घकाळ गरज असलेल्या मुलांसाठी अपेंडिक्सचा मार्ग वापरून पोटावरून आतडे धुण्याची पद्धत १९९० मध्ये ब्रिटनमधील मॅलोन यांनी मांडली.

याउलट, काही मुलांत आतड्याची हालचाल अतिवेगवान असते. त्यांना शी धरून ठेवता येत नाही. अशांना रेचक दिल्यास त्रास वाढतो. मळ घट्ट करणारा आहार आणि हालचाल मंदावणारे औषध लागते. त्यामुळे कपडे खराब होणाऱ्या मुलाचे आतडे तुंबलेले आहे की धावते आहे, हे आधी ठरवावे लागते.

ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठा

ताप, फुगलेले पोट, दुर्गंधीयुक्त व जोराने होणारे पातळ जुलाब, उलट्या आणि मुलाची मरगळ ही आतड्याच्या गंभीर दाहाची लक्षणे असू शकतात. 'एंटेरोकोलायटिस' म्हणून ओळखला जाणारा हा दाह शस्त्रक्रियेनंतरही होऊ शकतो आणि वेळेत उपचार न झाल्यास प्राणघातक ठरतो. जुलाब होत आहेत म्हणजे पोट साफ होत आहे, असे समजू नये. साधे जुलाब समजून घरीच ते थांबवणारे औषध देणे धोक्याचे आहे. रुग्णालयात नळीवाटे सलाईनने आतडे धुणे, प्रतिजैविके आणि शिरेवाटे द्रव असे उपचार होतात. मुलाला कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, हे तेथील डॉक्टरांना प्रथम सांगावे आणि तिची कागदपत्रे सोबत ठेवावीत.

घर आणि शाळा

जेवणानंतर आतड्याची हालचाल स्वाभाविकपणे वाढते. त्यामुळे जेवणानंतर काही मिनिटे, पाय टेकतील अशा रीतीने मुलाला शौचास बसवण्याची सवय उपयोगी पडते. शी किती वेळा आणि कशी झाली, याची नोंद ठेवल्यास डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरवणे सोपे जाते. शाळेत जाणाऱ्या मुलासाठी वर्गशिक्षकांना कल्पना देऊन, हवे तेव्हा स्वच्छतागृहात जाण्याची मुभा मिळवावी आणि दप्तरात कपड्यांचा एक जोड ठेवावा.

चड्डी खराब होणे हा आळस किंवा हट्ट नव्हे. अनेकदा मुलाला त्याची जाणीवही होत नाही. रागावल्यास ते शी अधिकच रोखून धरते आणि त्रास वाढतो. वयाबरोबर बहुतेक मुलांत सुधारणा होते. मात्र त्यासाठी बालशल्यचिकित्सकांकडील नियमित तपासणी शस्त्रक्रियेनंतरही वर्षानुवर्षे सुरू ठेवणे आवश्यक आहे.