मँचेस्टरचा कळवळा आणि गिरणगावचा वाचक

परदेशची बातमी छापणे अवघड नाही; ती आपल्या वाचकाच्या उंबऱ्यापर्यंत आणणे अवघड. आमचे शालेय शिक्षण बेताचे. इतिहास म्हणून जो काही कळला तो युनियनच्या कचेरीत, दिवसाची दगदग सरल्यावर. तेव्हा जाणत्यांनी सांभाळून घ्यावे. हा विषय निघाला की आम्हांला 'दीनबंधु' आठवतो.

१८७७ साली कृष्णराव भालेकरांनी पुण्यात हे पत्र काढले. १८८० पासून ते नारायण मेघाजी लोखंडे मुंबईहून चालवू लागले. त्या वेळी कारखान्यांच्या कायद्याचा वाद पेटला होता आणि त्याची ठिणगी पडली होती ती समुद्रापार, लँकेशायरात. मुंबईच्या गिरण्या उजाडल्यापासून मावळेपर्यंत चालत, मजुरी स्वस्त. मँचेस्टरच्या कापडाला ही चढाओढ जड जाऊ लागली, तेव्हा तिथल्या मालकांना हिंदी मजुराच्या हालांचा एकाएकी कळवळा आला! 'केसरी'ने यातला कावा ओळखला आणि कायद्याला विरोध केला. संशय खोटा नव्हता. १८८२ साली सरकारने विलायती कापडावरची आयात जकात उठवली, ती कोणाच्या सोयीसाठी हे का सांगायला हवे?

पण या बातमीला दुसराही एक धनी होता. कोकणातून, घाटावरून आलेला, साच्यापाशी दिवसभर उभा राहणारा. कायदा मँचेस्टरने मागितला की आणखी कोणी, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. आपला दिवस किती आखूड होतो एवढेच त्याला हवे होते. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घेण्यास मनाई झाली, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास ठरले. मोठ्या माणसाच्या पदरात काही पडले नाही. लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले. त्यांनी पत्र या माणसाच्या बाजूने उभे केले. मागणाऱ्याचा हेतू वाईट म्हणून मजुराचे दुखणे खोटे ठरते काय? संपाच्या दिवसांत 'तुमच्यामागे परका हात आहे' हे आम्हीही पुष्कळ ऐकले आहे, म्हणून लोखंड्यांचे धैर्य आम्हांला जास्त कळते.

१८८४ साली त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. मागण्या साध्याच: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. सहा वर्षे गेली. १८९० च्या मार्चमध्ये बर्लिनला युरोपातील सरकारांची कामगारविषयक परिषद भरली, तिच्यापुढेही रविवारच्या विश्रांतीचा प्रश्न होता. २४ एप्रिलला मुंबईत दहा हजार कामगार जमले आणि १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.